गहू वाचवण्यासाठी कोट्यवधी झुडपं उपटायला लावणारे एल्विन स्टॅकमन

कोल्हापूर, सांगलीकडच्या सोयाबीन शेतकऱ्यांना तांबेरा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पानावर तांबूस पूड दिसली की पोटात गोळा येतो.

गव्हावरही तांबेरा पडतो. सोयाबीनची बुरशी वेगळी, गव्हाची वेगळी. पण दिसायला एकच वाटणाऱ्या तांबेऱ्यात अनेक वंश लपलेले असतात, हे दाखवून दिलं अमेरिकेच्या एल्विन स्टॅकमन यांनी.

स्टॅकमन यांचा जन्म १८८५ सालचा, विस्कॉन्सिनमधला. मिनेसोटा विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षं शाळेत शिकवलं. मग पुन्हा त्याच विद्यापीठात येऊन १९१३ मध्ये पीएचडी केली.

तेव्हा शेतकऱ्यांना एक कोडं सुटत नव्हतं. तांबेरा न पडणारा म्हणून लावलेला गहू एका भागात टिकायचा आणि दुसऱ्या भागात झोपायचा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता जाता बुरशी हळूहळू ताकद कमावते, असं बरेच शास्त्रज्ञ मानायचे. स्टॅकमन यांच्या प्रयोगांत मात्र तसं काही दिसेना. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी पीमायझेल यांनी सांगितलं की, गव्हाचा तांबेरा मुळात एक नाहीच.

मग हे वंश ओळखायचे कसे?

त्यासाठी गव्हाचे १२ ठराविक वाण निवडले गेले. शेतातून आणलेली बुरशी या बाराही वाणांच्या रोपांवर सोडायची. कोणतं रोप आजारी पडतं, कोणतं टिकतं, ते लिहून ठेवायचं. त्यावरून वंश ठरायचा आणि त्याला नंबर मिळायचा. पुढे असे शेकडो वंश सापडले.

दरम्यान १९१६ मध्ये अमेरिकेत तांबेऱ्याची भयंकर साथ आली. ही बुरशी बार्बेरी नावाच्या झुडपावरही जगते. आपल्याकडची दारुहळद याच कुळातली. १९१८ पासून सरकारने ही झुडपं उपटायची मोहीम काढली आणि स्टॅकमन त्यात पुढे होते. कोट्यवधी झुडपं नष्ट झाली. याच झुडपावर बुरशीचा संकर होतो आणि त्यातून नवे वंश जन्मतात, हा उलगडा कॅनडाच्या क्रेगी यांच्या १९२७ च्या शोधातून झाला. म्हणजे या मोहिमेने नव्या वंशांचा कारखानाच बंद पाडला होता.

पण लढाई संपली नव्हती. १५बी नावाचा वंश १९५० मध्ये वेगाने पसरला. टिकाऊ म्हणून लावलेले वाण त्याच्यापुढे कोसळले. १९५४ मध्ये अमेरिकेतला ड्युरम, म्हणजे पास्त्याचा गहू, जवळपास तीन चतुर्थांश गेला.

याच स्टॅकमन यांचं तांबेऱ्यावरचं एक व्याख्यान ऐकून वनशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी वनस्पतिरोगांकडे वळला. त्याचं नाव नॉर्मन बोरलॉग. त्यांनी मेक्सिकोत तयार केलेले तांबेरा-प्रतिकारक गहू १९६० च्या दशकात भारतात आले आणि हरितक्रांती झाली.

स्टॅकमन १९७९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी गेले. त्यानंतर वीस वर्षांनी युगांडातून यूजी९९ हा नवा वंश जगासमोर आला आणि गव्हाचे अनेक भरवशाचे वाण पुन्हा धोक्यात आले.

म्हणूनच रोगप्रतिकारक बियाणं एकदा सापडलं की काम संपत नाही. शेतात सध्या बुरशीचा कोणता वंश आहे, हे दरवर्षी तपासत राहावं लागतं.