वारस नसलेल्याचा वारसा

पुत्र नसला म्हणजे घराणें बुडालें, असें म्हणण्याची चाल पुष्कळ देशांत आढळते. कुलदीपक विझला कीं पूर्वजांची सारी कीर्ति फुकट, अशी ही समजूत. परंतु जो स्वतः निपुत्रिक वारला, त्याच्याच हातून शेंकडों परक्या कुटुंबांचा वारसा राखला गेला, असें एक चरित्र इंग्लंडच्या इतिहासांत आहे. तें यॉर्कशायरचे सर जॉर्ज सॅव्हिल यांचें होय.

बॅरोनेट ही वंशपरंपरेची पदवी पहिल्या जेम्स राजानें १६११ सालीं सुरू केली. मुंबईचे सर जमशेटजी जिजीभाई यांस १८५७ सालीं मिळाली तीच ही. थॉर्नहिलच्या सॅव्हिल घराण्यास ती अगदीं पहिल्याच वर्षीं लाभली. त्यांतील चौथे बॅरोनेट मोठे मुत्सद्दी निघून हॅलिफॅक्सचे मार्क्विस झाले. पण १७०० सालीं त्यांची पुरुषशाखा खुंटली, मार्क्विसपद लयास गेलें, आणि बॅरोनेटपद भाऊबंदांकडे वळलें. अशा रीतीनें थॉर्नहिलच्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव सातवे बॅरोनेट झाले. त्यांचेच पुत्र आमचे चरित्रनायक. यांचा जन्म १७२६ सालचा. १७४३ सालीं वडील वारले, तेव्हां अवघ्या सतरा वर्षांच्या या मुलाकडे पदवी व विस्तीर्ण जमीनजुमला आला.

१७५९ पासून १७८३ पर्यंत ते यॉर्कशायरतर्फे कॉमन्स सभेंत बसले. अधिकारपदाचा मोह त्यांनीं कधीं धरिला नाहीं. अमेरिकन वसाहतींवरील जुलमास त्यांनीं विरोध केला. साठ वर्षें कबजांत असलेल्या जमिनीवर राजसत्तेनें जुना हक्क उकरून काढूं नये, हा त्यांचा कायदा १७६९ सालीं मंजूर झाला.

परंतु त्यांची खरी कसोटी पुढेंच होती. तिसऱ्या विल्यमच्या कारकीर्दींतील एका कायद्यान्वयें रोमन कॅथॉलिकास जमीन विकत घेतां येत नसे. बापाची जमीनही त्याच्या हातून जाऊन जवळच्या प्रॉटेस्टंट नातलगास मिळूं शके. पाद्र्यास व शाळा चालविणारास जन्मठेप, आणि पाद्र्यास पकडून देणारास शंभर पौंड बक्षीस! सॅव्हिल स्वतः प्रॉटेस्टंट. या कायद्यानें त्यांचें कांहींएक बिघडत नव्हतें. तरीही १७७८ सालीं त्यांनींच बिल आणून, राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्या कॅथॉलिकांवरील हीं बंधनें दूर करविलीं.

याचें फळ त्यांस १७८० च्या जून महिन्यांत मिळालें. लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्या पुढारीपणाखालीं सुमारें पन्नास हजारांचा जमाव पार्लमेंटवर चालून गेला, आणि कित्येक दिवस लंडनांत जाळपोळ चालली. लेस्टर फील्ड्समधील सॅव्हिल यांच्या घरावर हल्ला झाला. तेथील लोखंडी गजच उपटून दंगेखोरांनीं हत्यारें केलीं. दंगा मोडतांना शेंकडों माणसें गोळीस बळी पडलीं. मात्र कायदा रद्द झाला नाहीं.

त्यांच्या कीर्तीस एक डागही आहे, तो झांकणें योग्य नव्हे. दंग्यानंतर कॅथॉलिकांनीं प्रॉटेस्टंट मुलांस शिकवूं नये, अशा अर्थाचें बिल त्यांनींच पुढें आणिलें. तें लॉर्डांच्या सभेंत बारगळलें. धीर पुरुषही लोकक्षोभापुढें एखादें पाऊल मागें घेतो, हें सुधारकांनीं ध्यानांत ठेवावें.

१७८४ च्या जानेवारींत ते अविवाहितच वारले. बॅरोनेटपद त्यांच्याबरोबर संपलें, आणि जमीनजुमल्याचा मोठा भाग भाच्याकडे गेला. वंशवृक्ष लिहिणारा येथें रेघ ओढून मोकळा होईल. पण ज्या कॅथॉलिक घरांत त्यानंतर मुलगा बापाच्या शेतावर निर्धास्तपणें उभा राहिला, तेथें सॅव्हिलांचा वारसा चालूच राहिला. कुलाचा अभिमान धरणारांनीं एवढेंच पाहावें कीं, आपल्या कुलाबाहेरच्या किती जणांस आपल्यामुळें न्याय मिळाला. या हिशेबांत सर जॉर्ज निपुत्रिक ठरत नाहींत.