दिगंबर सामियारचा जन्मदाता

तंजावर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बृहदीश्वराचे मंदिर येते, सरस्वती महाल ग्रंथालय येते आणि व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे नांदलेली भोसल्यांची गादी आठवते. याच मुलखाने तमिळ वाचकांना एक गाजलेला गुप्तहेरही दिला. त्याच्या जन्मदात्याचे नाव वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार.

वडुवूर हे मन्नारगुडीजवळचे गाव. पूर्वी ते तंजावर जिल्ह्यात होते, आता तिरुवारूर जिल्ह्यात आहे. तिथले कोदंडरामाचे मंदिर प्रसिद्ध आहे. सरफोजीराजे रामाच्या मूर्ती तंजावरला नेत असताना गावकऱ्यांनी त्या आग्रहाने आपल्याच गावी ठेवून घेतल्या, अशी आख्यायिका तिथे सांगतात. दुरैस्वामींचा जन्म या गावी १८८० मध्ये झाला. ते सात वर्षांचे असताना, १८८७ मध्ये, इंग्लंडमध्ये शेरलॉक होम्सची पहिली कथा छापली गेली. ते मोठे होईपर्यंत होम्स समुद्र ओलांडून मद्रास इलाख्यात पोचला होता. आरणी कुप्पुस्वामी मुदलियार यांनी त्याला आनंद सिंग हे नाव देऊन तमिळ केले. जे. आर. रंगराजू यांनी गोविंदन नावाचा हेर उभा केला.

दुरैस्वामी बी.ए. झाले आणि तहसीलदार झाले. त्या काळी तहसीलदारी म्हणजे मान, अधिकार आणि म्हातारपणाची निश्चिंती. घरच्यांना आणखी काय हवे असते? पण त्यांनी लेखनासाठी ती नोकरी सोडली. कादंबरीवर घर चालवणे त्या काळी सोपे नव्हते. त्यांनी मनोरंजिनी नावाचे मासिक काढले आणि एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. इंग्रज लेखक रेनॉल्ड्स यांच्यासारख्यांच्या कादंबऱ्यांतून ते कथानकाचा धागा उचलत. पण माणसे, घरे, बोलणे आणि सासुरवास सगळे कावेरीकाठचे असे. म्हणून वाचकाला ती गोष्ट परकी वाटली नाही.

त्यांचा सर्वांत लाडका हेर म्हणजे दिगंबर सामियार. सामियार म्हणजे संन्यासी. कुंभकोणमच्या एका कपटी वकिलाची कारस्थाने तो उघडी पाडतो. ही निवड फार हुशारीची होती. सामान्य माणूस तेव्हा कचेरीला आणि कायद्याच्या कागदाला भीत असे. शिकलेला माणूसच उलटला तर दाद कुठे मागायची? संन्याशाला कोणाच्याही दारात उभे राहता येते आणि त्याचा संशय कोणी घेत नाही. त्याला बढती नको, पैसा नको, त्यामुळे त्याला विकतही घेता येत नाही.

होम्स, बंगालचा ब्योमकेश बक्षी आणि बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय यांच्याकडे पाहा. यांपैकी कोणीही सरकारी अंमलदार नाही. हुकूम सोडण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो, असतो तो फक्त पुरावा. सगळ्यांसमोर पडलेली वस्तू ते नीट पाहतात आणि शेवटी खरे बाहेर येते. अभ्यासाच्या पुस्तकाआड रहस्यकथा लपवून वाचणाऱ्या मुलाला हेच हवे असते, आणि त्याच्या वडिलांनाही एके काळी हेच हवे होते.

दुरैस्वामींच्या मेनका कादंबरीवर आधी नाटक झाले आणि १९३५ मध्ये चित्रपट झाला. दिग्दर्शक होते मुंबईच्या मूकपटांतून नाव कमावलेले राजा सँडो. विनोदी नट एन. एस. कृष्णन याच चित्रपटातून पुढे आले.

यशाच्या या काळातच दुरैस्वामींना एका वेगळ्या शोधाने पछाडले. आपल्या वैष्णव समाजाचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये आहे, असे त्यांनी मनाशी धरले. त्यासाठी त्यांनी कष्ट घेऊन एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला. विद्वानांनी तो मान्य केला नाही. आज त्यांच्या कादंबऱ्या पुन्हा छापल्या जातात, तो ग्रंथ मात्र कोणाच्या वाचनात नाही. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९५० मध्ये दिगंबर सामियार पडद्यावर आला आणि एम. एन. नंबियार यांनी त्यात अकरा वेश घेतले.

छात्रांनो, नोकरी सोडण्याचे त्यांचे धैर्य मोठे होते आणि त्यांनी हजारो घरांत वाचनाची गोडी लावली. त्यांच्या चुकीतूनही शिकण्यासारखे आहे. त्यांचा हेर पुराव्यापासून निघून गुन्हेगारापर्यंत जातो. त्या शेवटच्या शोधात मात्र उत्तर आधी ठरले आणि पुरावे मागून गोळा झाले. बुद्धिमान, कष्टाळू आणि प्रामाणिक माणसाच्याही हातून असे होऊ शकते.

टेहळणीवरून परत आल्यावर अहवाल लिहिताना हे लक्षात ठेवा. झाडीत काय दिसले ते आधी लिहा, तिथे कोण असावे हा तर्क त्यानंतर आणि वेगळा लिहा. त्या दोन ओळींची अदलाबदल झाली, तर तुमच्या मागून येणारी तुकडी चुकीच्या वाटेला लागेल.