बॉल चालायचा, कप नाही!

उन्हाळा लागला की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठेही जा, टेनिस बॉल टूर्नामेंटचे फ्लेक्स लागलेले दिसतात. त्यावर बक्षीस देणाऱ्यांचे फोटो असतात, टीमची नावं असतात. पण आदल्या दिवशी पिचवर पाणी मारणारा, रोलर ओढणारा, फक्कीच्या रेषा आखणारा जो असतो, त्याचा फोटो कुठल्याच फ्लेक्सवर नसतो. भारतीय क्रिकेटमधला पहिला मोठा स्पिनर नेमकं हेच काम करायचा. तेही आपल्या पुण्यात, महिना तीन रुपये पगारावर. त्यांचं नाव बाळू पालवणकर.

‘लगान’मधला कचरा आठवतो? त्याला बघताना क्रिकेटचा इतिहास माहीत असलेल्या अनेकांना बाळूच आठवतात. पण दोघांत एक मोठा फरक आहे. कचराचा बॉल वळतो तो त्याच्या अधू हातामुळे, म्हणजे जवळपास चमत्कारच. बाळूंचा बॉल वळायचा तो वर्षानुवर्षं रोज केलेल्या मेहनतीमुळे. त्यात चमत्कार काहीच नव्हता.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकाच्या मध्यातला, धारवाडचा. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या पालवणचं, चर्मकार समाजातलं. वडील लष्करात नोकरीला होते. त्यामुळे बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम पुण्यात लष्करी वातावरणातच वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर दोघं क्रिकेट शिकले. कोच नाही, क्लब नाही.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. बाळूंना पहिलं काम मिळालं ते पुण्यातल्या एका पारशी क्लबमध्ये, मैदान झाडायचं आणि पिचवर रोलर फिरवायचं. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबमध्ये गेले. पगार एक रुपयाने वाढून चार झाला आणि कामंही वाढली. पिच तयार करायचं, नेट्स लावायच्या, टेनिस कोर्टाच्या रेषा आखायच्या. अधूनमधून साहेबांना प्रॅक्टिससाठी बॉल टाकायचे.

या शेवटच्या कामाने सगळं बदललं. एका इंग्रज मेंबरने बाळूंना बॉलिंग करायला सांगितलं आणि त्यांचा हात किती सफाईदार चालतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं. डावखुरा, संथ, पण प्रत्येक बॉल वेगळा. क्लबचा सगळ्यात नावाजलेला बॅट्समन होता कॅप्टन ग्रेग. तो ठरलेल्या वेळेच्या आधीच मैदानावर यायचा आणि फक्त बाळूंच्या बॉलिंगवर सराव करायचा. असं सांगतात, की आपल्याला आउट केलं की तो बाळूंना दर वेळी आठ आणे द्यायचा. चार रुपये पगार असलेल्या माणसासाठी आठ आणे म्हणजे किती, याचा हिशोब करून बघा. आठ वेळा ग्रेगला आउट केलं की महिन्याचा पगार वसूल!

पण या नेट्समध्ये बाळूंना बॅटिंग कधीच मिळाली नाही. बॅट धरायची साहेबांनी आणि बॉल टाकायचे नोकरांनी, हीच तेव्हाची रीत. तासन्‌तास बॉल टाकून टाकून ग्रेगची बॅटिंग सुधारली. त्याहून जास्त सुधारली ती बाळूंची बॉलिंग.

टीममध्ये घ्यायचं की नाही?

पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांच्या टीमला हरवायचं होतं. त्यासाठी लागणारा बॉलर गावातच होता, पण तो अस्पृश्य मानलेल्या जातीतला. यावर क्लबमध्ये मोठा वाद झाला. काही मेंबर विरोधात, काही बाजूने. खुद्द ग्रेगनेही बाळूंच्या बाजूने मत दिलं. शेवटी जिंकायची इच्छा जातीच्या नियमांवर भारी पडली आणि बाळू टीममध्ये आले.

आले, पण अर्धेच. मैदानात सगळे तोच बॉल हातात घ्यायचे, बाळूंनी घासलेला, बाळूंनी टाकलेला. टी-टाइम झाला की मात्र चित्र पालटायचं. बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा प्यायचे, बाळू बाहेर, मातीच्या भांड्यातून. हे भांडं नंतर टाकून द्यायचं. जेवण वेगळ्या टेबलावर, वेगळ्या ताटात. तोंड धुवायचं तर पाणी मैदानाच्या कोपऱ्यात आणून द्यायचा क्लबचा एक दलित नोकर. विकेट मिळाली की आनंद सगळ्यांचा, आणि पाणी मात्र वेगळं.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या टीमविरुद्धची मॅच गाजली. बाळूंचा बॉल वळू नये म्हणून तिथे आठवडाभर आधीपासून पिचवर रोलर फिरवत होते. पिच रोल करण्यातच ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्यावर हा डाव चालणार कसा? बाळूंनी सात विकेट घेतल्या आणि मॅच जिंकून दिली. पुढे पुण्यात सत्कार झाला, तिथे न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात कसली अडचण, अशी रानड्यांची भूमिका होती.

मुंबई, मग लंडन

१८९६-९७ मध्ये प्लेग आला आणि पुणं रिकामं होऊ लागलं. बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद आणि पुन्हा तोच शेवट, बाळू टीममध्ये. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि तिच्या टीमकडूनही ते खेळू लागले. आज ज्याला आपण स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी म्हणतो, त्याचाच हा जुना अवतार.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियन टीमला १०९ रनांनी हरवलं. त्यात बाळूंच्या दोन्ही इनिंग मिळून आठ विकेट होत्या. शिवरामही त्याच टीममध्ये होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर जल्लोष झाला. मग वर्तमानपत्रांतून एक वेगळा प्रश्नही विचारला जाऊ लागला. जातीची बंधनं बाजूला ठेवून मॅच जिंकता येते, तर बाकीच्या गोष्टी का नाही?

१९११ मध्ये भारताची पहिली सर्वधर्मीय टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय अवघं १९. ते स्वतः मोजक्याच मॅच खेळले. टीम एकूण २३ मॅच खेळली, त्यात ६ जिंकली आणि १५ हरली. पण पस्तिशीला आलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध एकाच इनिंगमध्ये आठ. सॉमरसेटविरुद्ध शिवरामनी नाबाद ११३ काढले आणि भारताने ती मॅच एका विकेटने जिंकली. तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांच्या पिढीसाठी बाळू हे हिरो होते.

कॅप्टन्सीचं काय?

आता मुंबईत चौरंगी सामने सुरू झाले होते. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा चार टीम. बाळू हिंदू टीमचे सगळ्यात सीनियर आणि सगळ्यात यशस्वी बॉलर. त्यांना कॅप्टन करा, ही मागणी जवळपास दर वर्षी व्हायची. दर वर्षी कॅप्टन दुसराच कोणीतरी व्हायचा. एम. डी. पै कॅप्टन झाले तेव्हा हा मान खरा बाळूंचा होता हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. म्हणजे बॉलिंग करायला बाळू चालत होते. ज्याचा शब्द बाकीच्या दहा जणांनी ऐकायचा, त्या जागेवर मात्र चालत नव्हते.

१९२० मध्ये ठिणगी पडली. पै आजारी होते, बाळूंना टीमबाहेर ठेवलं गेलं आणि कॅप्टन्सी गेली दि. ब. देवधरांकडे. देवधर खेळाडू मोठे, पण पालवणकर भावांपेक्षा ज्युनियर. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी टीममधून नाव काढून घेतलं आणि त्यामागचं कारण जाहीरपणे सांगितलं. लोकमत त्यांच्या बाजूने होतं. फायनलला पारशांविरुद्ध दोघं परतले, बाळूही परतले, व्हाइस कॅप्टन म्हणून. मॅच सुरू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरती टीम बाळूंच्या हातात आली. पंचवीसेक वर्षांच्या करिअरमधली ही त्यांची कॅप्टन्सी. काही तासांची.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू टीमचे कॅप्टन झाले. त्यांच्या टीमने युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. ज्या खांद्यांना पालवणकरांचा स्पर्श चालत नव्हता, त्यातले काही खांदे त्या दिवशी नक्की असणार.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. इथे गोष्ट सरळ राहत नाही. ते गांधीजींच्या बाजूचे होते, स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा भाग होता, करारावर सहीही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. एकेकाळी ज्यांना हिरो मानलं, त्यांनाच हरवून बाबासाहेब निवडून आले. दोघांचा प्रश्न एकच होता, रस्ते वेगळे. कोणाचा बरोबर, यावर आजही कॉलेजच्या कट्ट्यावर तासभर वाद घालता येईल.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं. फर्स्ट क्लास मॅच ३३, विकेट १७९, सरासरी १५.२१. टेस्ट एकही नाही, कारण भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये आणि तोवर बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. विठ्ठलनी मात्र ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक मराठीत लिहून ठेवलं. १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, म्हणून या घराची गोष्ट घरातल्याच माणसाच्या शब्दांत उरली.

आज कोणाला मातीच्या भांड्यात वेगळा चहा देत नाहीत, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण टीम निवडताना कोण चांगला खेळतो हे ठरवणं सोपं असतं. खरी परीक्षा कॅप्टन निवडताना होते, आणि ती कॉलेजच्या टीमपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे होते. बाळूंना सगळ्यात जास्त वाट बघावी लागली ती तिथेच.