कलामहर्षी बाबूराव पेंटर

करवीर नगरीस कलापूर म्हणण्याचा प्रघात आहे. हे नाव ज्या मोजक्या पुरुषांमुळे सार्थ झाले, त्यांत बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांची गणना प्रथम करावी लागते. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखत, आणि ‘कलामहर्षी’ ही पदवी पुढे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या हत्यारावर चरितार्थ चालला, त्या घरांतील मुलांना तरी हे चरित्र ठाऊक असावयास हवे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे.

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, हस्तिदंतावरील कोरीव काम व मूर्तिकाम अशा अनेक कला जाणणारे कारागीर होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. कलाशाळेची पायरीही ते चढले नाहीत. खरे शिक्षण झाले ते घरच्या कारखान्यात, वडिलांच्या हाताकडे पाहत. आयुष्यभर शाळेत शिकविलेल्या माणसाने हे कौतुकाने सांगावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पाहून शिकणे हीही एक शाळाच आहे, आणि तिची परीक्षा आमच्या परीक्षांहून कडक असते. लाकूड चुकीचे कापले गेले तर तेथे पुनर्तपासणीचा अर्ज करता येत नाही.

त्यांचे चुलतबंधू आनंदराव हेही तसेच स्वयंशिक्षित चित्रकार व यंत्रांचे जाणकार होते. १९१० च्या सुमारास हे दोघे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, गंधर्व नाटक मंडळी अशा नामांकित संस्थांना त्यांचे पडदे असत. राजवाड्याचा दिवाणखाना, अरण्य, रस्ता ही दृश्ये सपाट कापडावर खोलीसह उभी करण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. ‘पेंटर’ हे उपनाव त्यांना येथेच मिळाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि या दोघा बंधूंचा जीव चित्रपटात गुंतला. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा धंदा करून पाहिला. परंतु दुसऱ्याने केलेले चित्र दाखविण्यात त्यांचे समाधान होईना. चित्र घ्यावयाचे तर कॅमेरा हवा, आणि कॅमेरा म्हणजे परदेशी, महागडी वस्तू. तेव्हा तो आपणच घडवावा, असे त्यांनी ठरविले!

हे धाडस किती मोठे होते, हे समजण्यासाठी त्या यंत्राची रचना थोडी ध्यानात घ्यावी. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना ठराविक अंतरावर भोके असतात. एका चित्रास प्रत्येक बाजूस चार. कॅमेऱ्यातील दाता त्या भोकांत अडकून फिल्म एकेका चित्राइतकी खाली ओढतो. ती ओढली जात असताना भिंगामागील झडप प्रकाश अडविते. फिल्म क्षणभर निश्चल झाली की झडप उघडते, चित्र उमटते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. मूकपटांच्या काळी हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे, म्हणजे दर सेकंदास सुमारे एक फूट फिल्म सरके. दाता आणि झडप यांचा मेळ किंचित चुकला तरी सारे चित्र पुसट होते. घड्याळजीच्या तोडीचे हे काम हाताने करावयाचे, आणि तेही पुढ्यात कोणी शिकविणारा नसताना.

कॅमेरा पुरा होण्यापूर्वीच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. तरी त्यांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्यास सोबत घेऊन त्यांनी ते चालू ठेवले व १९१८ मध्ये चालणारा देशी कॅमेरा सिद्ध केला. याचे श्रेय देताना आनंदरावांचे नाव मागे राहते, हे मला नेहमी खटकते.

पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल देण्यास प्रतिष्ठित सावकार पुढे आले नव्हते, तेव्हा तानीबाई कागलकर या गायिकेने द्रव्यसाहाय्य केले. कंपनीचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. बाळासाहेब यादव यांचा भीम आणि झुंझारराव पवार यांचा कीचक होता. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला की प्रेक्षक हादरून गेले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सुवर्णपदक व ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

याच चित्रपटाची दुसरी बाजू ज्ञातिसंस्थेच्या अंकात तरी सांगितलीच पाहिजे. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाने केले होते. बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच देण्याचा आग्रह धरला. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी व सुशीलादेवी अशी झाली. त्याबद्दल त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांचे राहणे, स्वयंपाक, जेवण सारे स्टुडिओच्या आवारातच होऊ लागले. सायंकाळी शेकडो लोक ज्यांना पडद्यावर डोळे भरून पाहत, त्यांच्या हातचे पाणी घेण्यास त्यांचेच लोक तयार नव्हते. बाबूरावांना पदके मिळाली. या दोघींना काय मिळाले, याचा हिशेब कोणत्याही स्मरणिकेने मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर ‘वत्सलाहरण’, ‘दामाजी’ आदी चित्रपट निघाले. रंगविलेल्या पडद्यांपुढे नट उभे करण्याची नाटकी रीत बाबूरावांनी टाकून दिली, व खांब, कमानी, जिने असलेले खरेखुरे देखावे उभारले. जन्मभर पडदे रंगविलेल्या माणसानेच पडदा बाजूस सारला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चित्रीकरणापूर्वी ते वेषभूषा, उभे राहण्याची ढब, प्रसंगाची मांडणी यांची रेखाचित्रे काढीत. तालमी पुष्कळ घेत. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वहस्ते रंगवीत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ने लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळविले.

परंतु माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कृती १९२५ ची ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची होती. देवादिकांच्या चमत्कारांची चलती असताना बाबूरावांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. त्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणीचा कामगार होतो. हे काम तरुण शांताराम वणकुद्रे यांनी केले. तेच पुढे व्ही. शांताराम म्हणून कीर्तिमान झाले. चित्रपटातील एका दृश्याची आठवण जाणते लोक पुढे कित्येक वर्षे काढीत : अंधारात उभी एक झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे. मूकपटास आवाज नसतो. तरीही ते रडणे प्रेक्षकांना ऐकू येई, हे बाबूरावांच्या प्रकाशयोजनेचे यश. गल्ल्यावर मात्र हा चित्रपट पडला. ज्यांच्या घरी तीच कथा घडत होती, त्यांना दोन आणे देऊन ती पुन्हा पाहावीशी वाटली नसेल.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम ही तयार झालेली मंडळी कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. बाबूरावांना तो घाव जिव्हारी लागला असणार. त्यांची कंपनी फार काळ तगली नाही, बोलपटांचे युग आले. ‘उषा’, ‘प्रतिभा’, पुन्हा एकदा आवाजासह ‘सावकारी पाश’ (१९३६) असे बोलपट त्यांनी केले. पण त्यांचे मन चित्रे व शिल्पे यांतच अधिक रमले. इकडे दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. त्या चित्रपटातील देहूचा साधेपणा पाहताना गुरूच्या कारखान्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे कोल्हापुरात निधन झाले.

त्यांचे मूकपट आज जवळजवळ सर्व नष्ट झाले आहेत. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी व कुजणारी असे, आणि जुन्या फिल्मची किंमत कोणास वाटत नसे. ‘सैरंध्री’ नाही, मूक ‘सावकारी पाश’ही नाही. १९२७ च्या ‘मुरलीवाला’चा काही भाग तेवढा शिल्लक आहे. कोल्हापुरात खरी कॉर्नरपाशी, जेथे कंपनीचे काम चाले त्या परिसरात, कॅमेऱ्याचे स्मारक उभारलेले आहे. अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्या मंडळींना ते देवळापासून फार दूर नाही.