सिग्नलवाले डायक्स्ट्रा

डायक्स्ट्रा म्हटलं की आपल्याला शॉर्टेस्ट पाथ आठवतो, तोही परीक्षेच्या आदल्या रात्री. पण ऑपरेटिंग सिस्टिममधला सेमाफोरही त्यांचाच, आणि हे नाव आलं रेल्वेच्या सिग्नलवरून. खंडाळ्याचा घाट चढून आलेल्या मालगाड्यांचे हॉर्न रोज रात्री ऐकणाऱ्या आपल्या होस्टेलला तरी हे माहीत हवं!

एड्सगर डायक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमध्ये रॉटरडॅमला झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडनला फिजिक्स शिकता शिकता १९५२ मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमिंगचं काम धरलं. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय प्रोग्रॅमर सांगितला, तर कचेरीने तो मान्यच केला नाही! शेवटी फिजिसिस्ट लिहावं लागलं.

त्यांच्या एक्स-वन या नव्या मशीनमध्ये इंटरप्ट होता. म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना बाहेरचं उपकरण कुठल्याही क्षणी मध्ये घुसणार. डायक्स्ट्रा चक्क घाबरले. आज दिसलेली चूक उद्या पुन्हा दिसेलच असं नाही, मग शोधायची कशी? काम घ्यायला ते तयार नव्हते. सहकाऱ्यांनी गळ घातली तेव्हा उतरले आणि १९५९ मध्ये त्याच कामावर पीएच.डी. मिळवली.

भीती खोटी नव्हती. काउंटर ५ आहे. एका प्रोसेसने ५ वाचला, तेवढ्यात इंटरप्ट आला. दुसरीने तो ६ केला. पहिली परत आली, तिनेही ६ च लिहिला. एक नोंद गायब, आणि प्रोसेसर तर एकच!

१९६२ पासून ते आइंडहोवनला प्राध्यापक होते. तिथे एक्स-एट मशीनसाठी त्यांच्या छोट्या टीमने ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. त्यावरचा पेपर १९६८ चा. मशीनला प्रोसेसर एक, पण प्रत्येक प्रोसेसला जणू स्वतःचा प्रोसेसर आहे असं धरून सगळी रचना केली. प्रोसेसर वाटायचं काम सर्वांत खालच्या थराचं. वरच्या थरांना खाली एक आहे की चार, याच्याशी देणंघेणं नाही. पुढे गाडी असेल तर सिग्नल पडत नाही, मागच्या गाडीने थांबायचं, तसाच सेमाफोर. थांबलेली प्रोसेस झोपते, प्रोसेसर दुसरीला मिळतो.

आज आपण लॅपटॉपवर एकच सीपीयू देऊन व्हर्च्युअल मशीन उघडतो, तेव्हा त्यात बहुधा मल्टिप्रोसेसर कर्नलच चालतो, आणि बिनतक्रार चालतो. स्पिनलॉकची गंमत मात्र वेगळी. एकाच प्रोसेसरवर गरगर फिरत वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण लॉक धरणाऱ्याला चालायला जागाच नाही. म्हणून एका प्रोसेसरसाठी बनवलेल्या लिनक्स कर्नलमध्ये हे फिरणं उडून जातं, उरतं फक्त प्रीएम्प्शन आणि गरजेनुसार इंटरप्ट बंद करणं. तेवढं मात्र काढता येत नाही. ५ आणि ६ चा घोळ तिथेच होतो.

१९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार, १९८४ पासून १९९९ पर्यंत अमेरिकेत ऑस्टिनला अध्यापन. हजाराहून जास्त टिपणं, बरीचशी फाउंटन पेनने लिहिलेली. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमध्येच ते गेले.

व्हायवाला विचारतात ती पी आणि व्ही ही अक्षरंही डच आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या टिपणात पी म्हणजे पुढे जाणं आणि व्ही म्हणजे मार्ग मोकळा करणं, रेल्वेतल्यासारखंच.