वॉलेस कॅरोथर्स : कृत्रिम रबर आणि नायलॉनमागचा माणूस



शाळा उघडायच्या आधी खामगावच्या बाजारात आपण मुलांसाठी पाण्याची बाटली, डब्याची पिशवी घ्यायला जातो. काही बाटल्यांवर मऊ, जाडसर, ताणलं जाणारं कव्हर असतं. हे कापड बरेचदा निओप्रीनचं, म्हणजे कृत्रिम रबराचं असतं. त्यावर मुलाचं नाव छापून घ्यायचं असेल तर टी-शर्टसारखा कडक तापलेला हीट प्रेस चालत नाही. असं का? हे समजून घ्यायचं तर ज्यांच्या प्रयोगशाळेत हे रबर जन्मलं, त्या वॉलेस कॅरोथर्स यांची ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

कॅरोथर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. वडील वाणिज्य महाविद्यालयात शिक्षक. वॉलेसही आधी हिशेबनिशीच शिकले, पण ओढ होती रसायनशास्त्राची. टार्किओ कॉलेजमध्ये शिकत असतानाच तिथले प्राध्यापक सोडून गेले आणि रसायनशास्त्र शिकवण्याची जबाबदारी या विद्यार्थ्यावरच आली! १९२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे हार्वर्डमध्ये शिकवलं. मात्र वर्गात बोलण्यापेक्षा ते प्रयोगशाळेत जास्त रमत.

संशोधन

१९२८ मध्ये ते ड्यूपॉन्ट कंपनीत आले. रबर, रेशीम यांचे रेणू खरोखरच लांबलचक साखळीसारखे असतात का, यावर तेव्हा शास्त्रज्ञांत वाद होता. कॅरोथर्स यांनी सरळ मार्ग धरला : छोटे रेणू एकेक करून जोडायचे आणि साखळी स्वतःच तयार करून दाखवायची.

एप्रिल १९३० मध्ये त्यांचे सहकारी अर्नॉल्ड कॉलिन्स यांना क्लोरोप्रीन या द्रवापासून रबरासारखा घट्ट गोळा मिळाला. तो चेंडूसारखा उसळत होता. हेच निओप्रीन! तेल आणि पेट्रोल लागलं तरी ते नैसर्गिक रबराइतकं लवकर खराब होत नाही. त्याच महिन्यात ज्युलियन हिल यांनी पॉलिएस्टरचा लांब धागा ओढून दाखवला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी याच गटाने नायलॉन तयार केलं.

आता छपाईचं कोडं

बाटलीच्या कव्हरमधलं निओप्रीन फेसासारखं असतं, त्यात वायूचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. वर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड चिकटवलेलं असतं. म्हणजे बघा, रबर आणि नायलॉन दोन्ही एकाच प्रयोगशाळेची देणगी, आणि पॉलिएस्टरची पायाभरणीही तिथलीच!

सुती टी-शर्टवर नाव चिकटवायला साधारण १५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत जोराने दाबलं तर निओप्रीनमधले बुडबुडे चेपतात, कापडावर प्रेसच्या कडांचे वण उठतात, कधी थर सुटतात. रबराच्या साखळ्यांत क्लोरीन असल्यामुळे फार तापवल्यास त्रासदायक वायूही निघतो. म्हणून जाणकार कारागीर कमी तापमानावर चिकटणारा ट्रान्सफर निवडतो, दाब हलका ठेवतो, वर टेफ्लॉनचा कागद घालतो, काही सेकंदांतच प्रेस उचलतो आणि आधी तुकड्यावर करून बघतो. घरी इस्त्रीने हा प्रयोग करू नका, बरं का!

न दिसलेलं दुखणं

कॅरोथर्स यांना तरुणपणापासून नैराश्याचा आजार होता. कंपनीत येण्याआधीच त्यांनी याची कल्पना दिली होती. १९३६ मध्ये त्यांचा विवाह झाला, त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवडही झाली. तरीही आपल्याला आता नवीन काही सुचत नाही, आपण अपयशी आहोत, हीच भावना त्यांना पोखरत राहिली. जानेवारी १९३७ मध्ये लाडकी बहीण इसोबेल गेली. २९ एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांनी आपलं जीवन संपवलं. काही महिन्यांनी त्यांची मुलगी जन्मली. १९४० मध्ये नायलॉनचे मोजे दुकानात आले आणि गर्दी उसळली, पण ते पाहायला कॅरोथर्स नव्हते.

पालकहो, पहिल्या नंबरात येणारं मूल आतून ठीकच असेल, असं आपण गृहीत धरतो. यशाने नैराश्य बरं होत नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आज आपल्याकडे टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मूल गप्प गप्प राहू लागलं, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर आधी शांतपणे ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका.

वर्गासाठी

दहावीत कार्बनी संयुगे शिकवताना हे करून पाहा :

१. कागदी पट्ट्यांची साखळी करून एकवारिक आणि बहुवारिक समजावा.
२. घरातल्या नायलॉन, पॉलिएस्टर आणि रबराच्या वस्तूंची यादी करायला सांगा.
३. कोणती वस्तू उष्णता सोसते, कोणती नाही आणि का, यावर चर्चा घ्या.

आणि त्या तासाला कॅरोथर्स यांची पूर्ण गोष्ट सांगा, शेवटासकट. कोणाला आपलं मन सांगायचं असेल, तर तेव्हा पाच मिनिटं राखून ठेवा.