सायकलचे स्पोक, लोखंडी कड्या आणि सायबेरियातला एक डॉक्टर: तुटलेलं हाड पुन्हा वाढवून दाखवणारा इलिझारोव्ह

पायाभोवती लोखंडी कड्या आणि त्या कड्यांमधून हाडात आरपार गेलेल्या तारा. हाडांच्या दवाखान्यात असा पेशंट तुम्ही कधीतरी पाहिला असेल. बघूनच अंगावर काटा येतो. पण याच कड्यांनी हजारो लोकांचे पाय कापण्यापासून वाचवलेत. त्यामागचा माणूस म्हणजे गावरील इलिझारोव्ह.

१९२१ साली पोलंडमध्ये जन्म, बालपण अझरबैजानमधल्या कुसार गावात. घरी सहा भावंडं, गावरील थोरला. वडील लवकर गेले, गरिबी इतकी की शाळेत जायलाच उशीर झाला. तरीही पोरगा हुशार निघाला आणि क्रिमियाच्या मेडिकल कॉलेजात पोहोचला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं, कॉलेज थेट कझाकस्तानात हलवावं लागलं. १९४४ मध्ये डिग्री हातात आली आणि पोस्टिंग मिळालं सायबेरियातल्या कुर्गान भागातल्या डोल्गोव्का या खेड्यात.

आसपास दुसरा डॉक्टर नाही. बाळंतपणापासून ऑपरेशनपर्यंत सगळं एकट्याने बघायचं. त्यात युद्धावरून परतलेले जखमी सैनिक. कुणाचं हाड वर्षानुवर्षं जुळत नव्हतं, कुणाच्या हाडात पू झालेला. त्या काळी उपाय काय, तर महिनोन्‌महिने प्लास्टर घालून खाटेवर पडून राहायचं. तेही जमलं नाही तर पाय कापायचा.

इलिझारोव्हला प्रश्न पडला, हाड बाहेरूनच घट्ट धरून ठेवलं तर? मग पेशंटला चालता तरी येईल! त्याने हाडातून पातळ तारा आरपार घातल्या, त्या ताणून लोखंडी कड्यांना बांधल्या आणि कड्या नट-बोल्टच्या दांड्यांनी एकमेकींना जोडल्या. सुरुवातीच्या तारा सायकलच्या स्पोकच्या होत्या असं सांगतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र तयार झालं.

खरी गंमत पुढे आहे. हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबली जावीत म्हणून नट फिरवायचे असत. एका पेशंटने ते चुकून उलटे फिरवले, असा किस्सा सांगितला जातो. टोकं जवळ यायच्या ऐवजी लांब गेली. एक्स-रे काढला तर मधल्या फटीत चक्क नवीन हाड तयार होत होतं!

दुसरा कुणी असता तर चूक दुरुस्त करून मोकळा झाला असता. इलिझारोव्हने मात्र कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि नियम शोधला. हाडाचा रक्तपुरवठा सांभाळून ते अलगद कापायचं, काही दिवस थांबायचं, मग दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत ताणायचं. घाई केली तर फट रिकामीच राहते, फार हळू गेलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं. बरोबर वेग साधला की हाडच काय, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, कातडी, सगळंच वाढत जातं.

मॉस्कोतल्या मोठ्या डॉक्टरांना हे पटेना. खेड्यातला हा माणूस डॉक्टर नसून फिटर आहे, अशी चेष्टा व्हायची. तो कुर्गानमध्येच काम करत राहिला.

मग आला व्हॅलेरी ब्रुमेल. उंच उडीत २.२८ मीटरचा विश्वविक्रम करणारा, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता. १९६५ मध्ये मोटारसायकल अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली, हाड काही जुळेना. १९६८ मध्ये तो कुर्गानला पोहोचला. इलिझारोव्हने पाय बरा केला, आखूड झालेलं हाड लांबवलं आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला. आता मॉस्कोला दुर्लक्ष करणं अवघड होतं. १९७० मध्ये जगप्रसिद्ध संगीतकार शोस्ताकोविचही उपचारांसाठी कुर्गानला आला. १९७१ मध्ये तिथे स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

पश्चिम युरोपला मात्र याचा पत्ताच नव्हता. इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी जुन्या फ्रॅक्चरमुळे लंगडत होता. १९८० मध्ये तो कुर्गानला गेला आणि सरळ पाय घेऊन परतला. त्याच्या इटलीतल्या डॉक्टरांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पुढच्याच वर्षी त्यांनी इलिझारोव्हला परिषदेला बोलावलं आणि तंत्र जगभर पसरलं.

अर्थात, हा उपचार सोपा अजिबात नाही. कड्या कित्येक महिने अंगावर राहतात, तारांच्या जागी इन्फेक्शन होतं, सांधे आखडतात, नसांवर ताण येतो. जो पाय एरवी कापावा लागला असता, त्याच्यासाठी हे सगळं सोसणं समजू शकतं. पण आज फक्त उंची वाढवण्यासाठी धडधाकट पाय कापून घेणारेही आहेत आणि धोके त्यांनाही तेच आहेत.

इलिझारोव्ह २४ जुलै १९९२ रोजी गेला. जगभर नाव झालं तरी त्याने कुर्गान सोडलं नव्हतं. तिथल्या संस्थेला आज त्याचंच नाव आहे.